ओवे ते पनवेल खाडी : पाण्याची वाट आणि नकाशांचा इतिहास

१/२३
नकाशांच्या इतिहासात २००५ हे वर्ष विलक्षण ठरले. फेब्रुवारीत गूगल मॅप्स सुरू झाले. ५ मे रोजी इस्रोने खास नकाशे तयार करण्यासाठी बांधलेला कार्टोसॅट-१ हा उपग्रह सोडला. १९ मे रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय नकाशा धोरण जाहीर केले. २८ जूनला गूगल अर्थ खुले झाले. त्यानंतर बरोबर चार आठवड्यांनी, २६ जुलै रोजी, मुंबई, ठाणे आणि रायगडवर आभाळ फाटले. सामान्य माणसाच्या हाती नकाशा आला त्याच वर्षी, नकाशाविना राहण्याची किंमत या किनाऱ्याने मोजली. पुराच्या नकाशांचा हा इतिहास पनवेल तालुक्यातील ओवे या गावाच्या परिसरातून पाहू.

२/२३
त्या दिवशीचे आकडे प्रसिद्ध आहेत. सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच मुंबईतील कुलाबा वेधशाळेत जेमतेम ७४ मिलिमीटर. एकाच शहराच्या दोन टोकांवर बारापटींहून अधिक फरक! हवामान खात्याची शहरातील प्रमुख नोंद या दोन ठिकाणांवर अवलंबून होती. मधल्या भागात कोठे किती कोसळले, ते पाणी कोणत्या नाल्याने निघाले आणि कोठे अडले, हे पाऊस चालू असताना सांगू शकेल असा एकही नकाशा प्रशासनाकडे नव्हता. राज्यभरात एक हजारांहून अधिक माणसे त्या आपत्तीत दगावली.

३/२३
आता ओवे. हे गाव खारघरच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहे. याच डोंगरात शंभर मीटरहून उंच असा पांडवकडा धबधबा आहे. डोंगरावरचे पाणी ओढ्यानाल्यांतून खाली येते आणि काही किलोमीटरच्या आतच तळोजे व पनवेल खाडीच्या सपाट, भरती-ओहोटीच्या प्रदेशात पोहोचते. वर तीव्र उतार, खाली जवळजवळ सपाटी, आणि तोंडाशी दिवसातून दोनदा चढणारा समुद्र. अशा भूगोलात पुराला नदीच लागते असे नाही. पाऊस आणि भरती यांची वेळ जुळली तरी पुरे. या गावातील माणसाला आपल्या पाण्याची वाट कागदावर पाहायची असती, तर गेल्या दोनशे वर्षांत त्याला काय मिळाले असते?

४/२३
कागदाआधी जमीनच नकाशा होती. पनवेल, पेण, उरणच्या खाडीकाठी लोकांनी बांध घालून समुद्राकडून भातशेती मिळवली. अशा जमिनींना जुन्या महसुली भाषेत 'शिलोत्री' म्हणत. बाहेरचा मोठा बांध ही एकट्यादुकट्याची मालमत्ता नव्हे. त्याच्या दुरुस्तीसाठी बिघ्यामागे भाताचा ठरावीक हिस्सा काढून ठेवण्याची पद्धत होती. बांधाला खांड पडली की शेकडो शेतांत खारे पाणी शिरे, आणि पुढील काही वर्षे पीक हाती लागत नसे. म्हणून बांध कोठे कच्चा आहे आणि उधाणाचे पाणी प्रथम कोठे चढते, हे ज्ञान गावाच्या पोटापाण्याशी बांधलेले होते.

५/२३
या व्यवस्थेचा प्राण म्हणजे 'उघाडी', बांधातील पाण्याचे दार. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतले पावसाचे पाणी दार ढकलून खाडीत जाते. भरतीला बाहेरचे पाणी तेच दार दाबून बंद करते. यंत्र नाही, वीज नाही. समुद्र स्वतःच आपल्यावर दार लावून घेतो. मात्र पाऊस जोरात असेल आणि भरतीही असेल, तर ते चार-सहा तास आतल्या पाण्याला कोठे तरी थांबावे लागते. ती थांबण्याची जागा म्हणजे मोकळे खाजण आणि सखल शेत. हे सूत्र लक्षात ठेवावे. पनवेलच्या पुराचा पुढचा सारा इतिहास त्या थांबण्याच्या जागेचा आहे.

६/२३
मग आला महसुली नकाशा. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरू केलेली मोजणीची पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. सर्व्हे नंबर, हद्दीच्या खुणा, गावनकाशा ही तिचीच देणगी. गावनकाशात शेतांच्या सीमा असतात, नालेही दाखवलेले असतात. नसते ती उंची. कारण उघड आहे : हा नकाशा सारा ठरवण्यासाठी होता. जमीन कोणाची आणि किती, एवढे सरकारला हवे होते. ती समुद्रसपाटीपासून किती वर आहे, या प्रश्नाला साऱ्याच्या हिशेबात जागा नव्हती.

७/२३
उंची दुसऱ्या नकाशात होती. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या स्थलवर्णनात्मक नकाशांवर समोच्च रेषा असतात. समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या त्या रेषांवरून पाणी कोठून कोठे उतरेल हे वाचता येते. पण त्यांवर कोणाचे शेत, कोणता गट, याचा पत्ता नाही. म्हणजे एका नकाशात मालकी होती पण उंची नव्हती. दुसऱ्यात उंची होती पण मालकी नव्हती. पुराचा प्रश्न मात्र दोन्ही एकत्र मागतो : किती उंचीवर, आणि कोणाच्या घरात?

८/२३
त्यात आणखी एक गंमत. या नकाशांची विभागणी अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत केलेली आहे. १९ अंश उत्तर अक्षवृत्त खारघर आणि जुने पनवेल यांच्या मधून जाते. त्यामुळे जुन्या क्रमांकपद्धतीत ओवे '४७ ई/४' या पत्रकावर येते, तर पनवेल शहराचा मुख्य भाग '४७ एफ/१' वर. डोंगर एका कागदावर, शहर दुसऱ्यावर. पाण्याची पूर्ण वाट पाहायची तर दोन पत्रके कडेला कड लावून जुळवावी लागत. पाण्याला मात्र १९ अंशांची ती रेषा दिसत नाही.

९/२३
पण ती दोन पत्रके सहज मिळत तरी कोठे होती? १९६० च्या दशकातील युद्धांनंतर संरक्षणाच्या कारणास्तव सरकारने नकाशांवर कडक निर्बंध घातले. देशाच्या सीमा आणि समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील तपशीलवार नकाशे 'प्रतिबंधित' ठरले. पश्चिम किनाऱ्यापासून ८० किलोमीटर म्हणजे अक्षरशः संपूर्ण कोकण, सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत. आपल्या गावाच्या समोच्च रेषा पाहण्यासाठी पनवेलच्या शिक्षकाला वा शेतकऱ्याला विशेष परवानगी लागणार होती.

१०/२३
या गोपनीयतेला एक उपहासाची किनार आहे. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात भारताचे अडीच लाखास एक या प्रमाणाचे नकाशे छापले होते. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने पुढे ते इंटरनेटवर मांडले. परिणामी ऑस्टिनमधील विद्यार्थ्याला कोकणचे डोंगर आणि खाड्या विनासायास पाहता येत, आणि कोकणातील विद्यार्थ्यालाही आपला प्रदेश पाहण्याची सोपी वाट ऑस्टिनमार्गे जाई. शत्रूपासून लपवलेला नकाशा प्रत्यक्षात लपला होता तो गावकऱ्यांपासून.

११/२३
नकाशे कुलूपबंद असतानाच्या याच काळात या भूमीचा सर्वांत मोठा कायापालट घडला. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांसह सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या मुंबईसाठी निश्चित झाले. खारघर हा त्यातील एक मोठा उपनगरी विभाग, आणि ओवे त्याच्या कुशीत. शेती गेली, भराव आला, आणि खाजणांवर रस्ते उभे राहिले.

१२/२३
सिडकोच्या अभियंत्यांना समुद्राची जाण नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. सारा सखल प्रदेश भरतीच्या वर उचलणे अतिशय खर्चिक होते. म्हणून त्यांनी डच पद्धतीकडे पाहून बांध आणि 'धारण तलाव' यांची रचना स्वीकारली. भरतीच्या वेळी तलावाची झडप मिटते, शहराचे पाणी तलावात साचते. ओहोटीला झडप उघडते आणि पाणी खाडीत जाते. हेच तर उघाडीचे तत्त्व! फरक इतकाच की पूर्वी थांबण्याची जागा शेकडो एकर शेत होती, आता ती आखलेल्या तलावापुरती उरली.

१३/२३
आणि तो तलावही गाळाने भरतो. गाळात तिवरे रुजतात. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये अंतरिम आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम आदेशाने कांदळवनाच्या तोडीस मनाई केली. किनाऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा. तिवरेच लाटांचा मारा झेलतात. पण नवी मुंबईच्या धारण तलावांत त्यातून एक पेच उभा राहिला : गाळ काढायचा तर झाडे आड येतात, झाडे राखायची तर तलावाची धारणा घटते. नकाशावर निळ्या रंगाने दाखवलेला तलाव प्रत्यक्षात किती खोल उरला आहे, हे नकाशा सांगत नाही. ते दरवर्षी मोजावे लागते.

१४/२३
पुराला कागदावर रेषा देण्याचा महाराष्ट्रातील अनुभव १२ जुलै १९६१ च्या पानशेत प्रलयाशी जोडलेला आहे. त्या दिवशी पाणी जेथवर चढले ती पातळी पुण्याच्या स्मृतीत आणि पुढे नियोजनातही उतरली. २१ सप्टेंबर १९८९ रोजी राज्याच्या पाटबंधारे विभागाने परिपत्रक काढून पूररेषांचे नियम ठरवले. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये नियंत्रित.

१५/२३
'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी मोठी फसगत होते. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता, इतकाच. तीस वर्षे कर्ज फेडून घेतलेल्या घराला त्या कालावधीत असा पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. निळ्या रेषेवरील घरासाठी हाच हिशेब सुमारे ७१ टक्क्यांवर जातो. शिवाय या रेषा नदीकाठासाठी आखल्या जातात. नाव नसलेल्या नाल्याला सहसा रेषाच नसते, आणि डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या गावाला धोका असतो तो बहुधा अशाच नाल्याकडून.

१६/२३
२००५ नंतर चित्र पालटू लागले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी मुंबईत स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभे राहिले. दर पंधरा मिनिटांची नोंद मिळू लागली. नकाशांची कुलपेही उघडत गेली. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी लोकांसाठी काढलेला नकाशा भारतात रुजला. २००९ मध्ये इस्रोचे 'भुवन' आले. २०१७ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाने 'नक्शे' या संकेतस्थळावर आपली पत्रके उतरवून घेण्याची सोय केली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे काढण्यासाठी लागणाऱ्या पूर्वपरवानग्यांचा जाच बहुतांशी संपवला.

१७/२३
आता ओव्यातील मुलगी मोबाइलवर गावनकाशा आणि उंचीचा नकाशा एकावर एक ठेवू शकते. शतकभर दुरावलेली मालकी आणि उंची एका पडद्यावर आली. पण ही उंची मोजली कोणी? जगभर विनामूल्य वापरला जाणारा उंचीचा एक प्रमुख संच फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांत रडारने टिपला. त्याची एक चौकट सुमारे ३० मीटरची. चार मीटर रुंदीचा नाला तिच्यात विरून जातो. शिवाय रडारला छप्पर आणि झाडाचा शेंडा हेही 'जमीन' भासतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले की, या दोषामुळे जगातील किनारे सरासरी दोन मीटरने उंच समजले जात होते. तिवरांच्या आणि इमारतींच्या किनाऱ्यावर दोन मीटर म्हणजे कोरडे आणि बुडालेले यांतील अंतर.

१८/२३
दुसरी चूक शून्याची. भरतीच्या वेळापत्रकात '४.५ मीटर भरती' लिहिलेले असते. हे मोजमाप सागरी नकाशाच्या शून्यापासूनचे, म्हणजे जवळपास सर्वांत खालच्या ओहोटीपासूनचे. जमिनीची उंची मात्र सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे. म्हणजे साडेचार मीटरची भरती जमिनीच्या नकाशावर सुमारे दोन मीटरपर्यंत पोहोचते. हा फरक न जाणता काढलेला पूरनकाशा एकतर अर्धे शहर बुडवून अकारण भीती पसरवतो, किंवा उलट्या चुकीने खोटा दिलासा देतो. आंतरजालावर फिरणारा कोणताही बुडालेल्या शहराचा नकाशा पाहताना पहिला प्रश्न हाच विचारावा : याचे शून्य कोणते?

१९/२३
उपग्रह थेट पूरच का टिपत नाहीत? साधा कॅमेरा पावसाळी ढगांच्या पलीकडे पाहू शकत नाही. रडार पाहू शकते; २०१४ पासून युरोपचे सेंटिनेल-१ हे उपग्रह तेच करतात आणि त्यांची चित्रे सर्वांना खुली असतात. महिनोन्महिने साचणाऱ्या आसाम-बिहारच्या पुरासाठी ती अमूल्य ठरतात. पण पनवेलसारख्या ठिकाणी पाणी दुपारी चढते आणि ओहोटीबरोबर रात्री उतरते. उपग्रहाची फेरी काही दिवसांनी होते. गूगलने २०१८ मध्ये पाटण्यापासून सुरू केलेला पुराचा अंदाजही मुख्यतः मोठ्या नद्यांसाठी आखलेला होता. लहान, उताराच्या, खाडीला मिळणाऱ्या नाल्यांना वेगळी साधने लागतात.

२०/२३
तसे साधन मुंबईने उभे केले. १२ जून २०२० रोजी 'आय-फ्लोज' ही पूर-इशारा प्रणाली सुरू झाली. पावसाचा अंदाज, जमिनीची उंची, नाले, भरती आणि वस्तीची असुरक्षितता एकत्र करून कोणत्या भागात किती पाणी भरेल याचा पूर्वअंदाज ती देते. २०२४ मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी नागरिकांकडूनही पाण्याच्या नोंदी घेणारे ॲप आणले. परंतु 'आय-फ्लोज' मुंबई महापालिकेच्या हद्दीसाठी आहे, आणि ओवे-खारघरचे पाणी खाडीच्या या बाजूला उतरते. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी जन्मली. तिच्या हद्दीत सिडकोने वसवलेली उपनगरे आणि जुनी गावे शेजारी शेजारी आहेत. ४७ ई/४ आणि ४७ एफ/१ मधली जुनी रेघ आता हद्दींच्या रूपाने पुन्हा भेटते.

२१/२३
जाकार्ताचा अनुभव येथे उपयोगी पडतो. तेही भरतीच्या तोंडाशी वसलेले, पुराने गांजलेले शहर. २०११-१२ मध्ये तेथील २६७ नागरी प्रभागांचे प्रतिनिधी आणि विद्यापीठातील विद्यार्थी एकत्र बसले. प्रतिनिधींनी वस्त्यांच्या सीमा, शाळा, दवाखाने दाखवले. विद्यार्थ्यांनी ते ओपनस्ट्रीटमॅपवर उतरवले. पुढे समाजमाध्यमांवर पुराविषयी लिहिणाऱ्यांना यंत्रणाच उलट विचारू लागली : पाणी नेमके कोठे, किती? त्या उत्तरांतून जिवंत नकाशा घडला. डिसेंबर २०१५ च्या चेन्नई पुरात लोकांनी बुडालेले रस्ते स्वतः नकाशावर रंगवले. तंत्रज्ञान दोन्हीकडे साधेच होते. मोलाचे होते ते माहिती असलेल्या माणसाला विचारणे.

२२/२३
मात्र नकाशा निरागस नसतो. एखाद्या गटावर निळी रेषा आली की त्याचा भाव कोसळतो आणि बांधकाम परवाना अडतो. नवी मुंबईतील प्रकल्पग्रस्तांनी जमिनी दिल्या, जानेवारी १९८४ च्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झेलला, आणि कुटुंबे वाढली तशी 'गरजेपोटी' घरे बांधली. सभोवतीच्या भरावामुळे अनेक जुनी गावठाणे आज खोलगट झाली आहेत. त्यांच्यावर रेषा ओढणाऱ्या नकाशाकडे ते संशयाने पाहतील तर नवल नाही : पाणी भरावाने वळवले, आणि पूरग्रस्त म्हणून नोंद मात्र आमच्या घराची? म्हणून चांगल्या पूरनकाशाला दोन तारखा हव्यात : भरावापूर्वीचे पाणी आणि भरावानंतरचे पाणी. तोच नकाशा मग गावाच्या बाजूने साक्ष देऊ शकतो.

२३/२३
पहिली तारीख भरण्याचे काम इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे आहे. जुना गावनकाशा आणि जुने पत्रक क्यूजीआयएससारख्या विनामूल्य प्रणालीत आजच्या निर्देशांकांवर बसवता येतात. नाहीसा झालेला नाला कोणत्या इमारतीखालून जात होता ते दिसते. स्थलनामे जपून वापरावीत, पण ती सुगावा देतात : 'खारघर', 'खारकोपर' यांत खार आहे, आणि कोकणात ज्याला वहाळ म्हणतात त्याच नावाचे गाव उलव्याजवळ आहे. आजी-आजोबांना विचारावे : २६ जुलैला पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, बांधाला खांड कोठे पडे, ओढ्याचे नाव काय होते? ती पायरी मोजावी, तारीख लिहावी आणि नाव ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदवावे. ज्या ओढ्याला नकाशावर नाव नाही, तो बुजवताना कोणी हरकत घेत नाही. उघाडी सांभाळणाऱ्या पिढीतील माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांना विचारण्याची मुदत कोणत्याही धोरणाने वाढवून मिळणार नाही.